बाळ लहान आणि डिग्री बाकी: कुठून सुरुवात करायची

माझी लेक झाली तेव्हा माझं मेडिकलचं दीड वर्ष उरलं होतं आणि मला वाटायचं की सगळा प्रश्न वेळेचा आहे. दिवसाचे चोवीस तास, त्यातले बाळाचे इतके, कॉलेजचे इतके, उरलेल्यात अभ्यास, असं चक्क रंगीत पेनांनी टाइमटेबल करून मी कपाटाला चिकटवलं होतं. नवव्या दिवशी मीच ते फाडलं. मग हळूहळू कळलं की वेळ अगदीच नसतो असं नाही, पण तो सात मिनिटं, बारा मिनिटं, वीस मिनिटं असा चुरा होऊन हातात येतो, आणि मोठ्या डिग्रीचा शेवट, मग ती मेडिकल असो, लॉ असो, आर्किटेक्चर असो की पीएचडी, तो मागतो सलग वेळ. त्यामुळे खाली जे काही सांगतेय त्यात हिशोब एकच आहे: सलग वेळ कुठून आणायचा, आणि चुऱ्यात होणारी कामं त्या सलग वेळेत करून तो घालवायचा कसा नाही.

१. आधी कागद

हे बाळ यायच्या आधीच करायचंय, शक्यतो पाचव्या-सहाव्या महिन्यात, कारण नंतर फॉर्म भरायलासुद्धा दोन्ही हात मोकळे मिळत नाहीत.

कोर्सची नियमावली असते ना, जी पहिल्या वर्षी सही करून कुणीच वाचत नाही, ती काढा आणि त्यात पुढच्या गोष्टी शोधा. बाळंतपणाची रजा घेतली तर हजेरी कशी मोजतात. डिग्री जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करावी लागते आणि रजेचा काळ त्यात धरतात की वगळतात (हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कुणी विचारत नाही). परीक्षेला न बसल्यास अटेम्प्ट गेला असं धरतात का. स्कॉलरशिप, हॉस्टेल, इन्शुरन्स, ग्रंथालयाचं ऑनलाइन लॉगिन, आणि परदेशात शिकत असाल तर व्हिसा, हे सगळं रजेच्या काळात चालू राहतं का. आणि कुठला विषय किंवा कुठली पोस्टिंग (ठरावीक विभागात काम करायची पाळी) वर्षातून एकदाच येते, कारण ती चुकली तर तीन महिन्यांच्या रजेचं एक अख्खं वर्ष होतं.

उत्तरं तोंडी घेऊ नका. मला आमच्या वरिष्ठांनी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या "हो हो, होऊन जाईल" म्हटलं होतं, मीही खूश, आणि नंतर त्या जागी दुसरं कुणीतरी आलं आणि त्यांनी विचारलं की असं कुठे लिहिलंय? सहा आठवड्यांची पोस्टिंग मला पुन्हा करावी लागली. तेव्हापासून माझी सवय, कुणाशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल, "आज आपलं असं असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा". भांडण नाही काही नाही, पण कागद तयार होतो.

डिलिव्हरीच्या तारखेवर काहीही टांगू नका. डॉक्टर देतात ती तारीख म्हणजे अंदाज असतो, नेमकी त्या दिवशी जेमतेम पाच टक्के बाळं जन्माला येतात. ३७ ते ४२ आठवड्यांत कधीही होऊ शकतं, म्हणजे पाच आठवड्यांची मोकळी खिडकी ठेवावी लागते, त्यात सबमिशन नको, तोंडी परीक्षा नको. आणि रात्रपाळ्या, एक्सरे, लॅबमधली केमिकलं असलं काही तुमच्या कोर्समध्ये असेल तर प्रेग्नंट आहे हे संबंधित माणसाला लवकर सांगा, तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं तुमचं ठरलेलं असलं तरी त्या एका माणसाला सांगा.

२. पहिले सहा आठवडे

अभ्यास करू नका. बस. हा भाग इथेच संपवता आला असता पण मला माहितीये कुणीतरी म्हणणार की नवजात बाळ तर दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, मग एवढा वेळ जातो कुठे. तर बघा, तेच बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, एकेका वेळेला पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं मिळून पाऊण तास धरा, म्हणजे सहा ते नऊ तास यातच गेले, आणि त्याची झोप म्हणजे दोन-अडीच तासांचे तुकडे, रात्रीदेखील. वर तुमचं अंग सावरायचंय, रक्तस्राव चार-सहा आठवडे चालू शकतो, सिझेरियन असेल तर ती पोटाची मोठी सर्जरी आहे हे लोक सोयीस्कर विसरतात. रडणंही दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, आणि मग तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. मला हे पुस्तकातून पाठ होतं तरी सहाव्या आठवड्यात मी रात्री अडीचला आईला फोन करून विचारलं की हिला काही झालंय का. काही नव्हतं झालेलं.

या काळात धागा तुटू नये म्हणून एकच काम ठेवा: आठवड्यातून एकदा कॉलेजचे मेल बघायचे, उत्तर द्यायचंच असेल तर एका ओळीत. तेवढंच.

३. कामांचे तीन ढीग

आता मुद्द्याचं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, अंग जरा सावरलं की एक कागद घ्या आणि डिग्री संपवायला जे जे करायचं बाकी आहे ते सगळं लिहून काढा, अगदी "लायब्ररीचं पुस्तक परत करणे" पर्यंत. मग प्रत्येक कामापुढे विषय किंवा तारीख लिहायची नाही, त्या कामाला किती सलग डोकं लागतं ते लिहायचं.

पहिला ढीग एका हाताचा. बाळ मांडीवर पितंय आणि दुसऱ्या हातात फोन आहे, एवढ्यात होईल असं. फ्लॅशकार्ड (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर), रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ऐकणं, जुने प्रश्न तोंडी सोडवणं, मेल, संदर्भ डाऊनलोड करून ठेवणं. दुसरा ढीग अर्ध्या तासाचा, टेबलाशी बसून करायचा पण मधे उठलं तरी चालेल असा: नोट्स काढणं, तक्ते भरणं, संदर्भसूची नीट लावणं, ड्रॉइंगवरची किरकोळ दुरुस्ती. आणि तिसरा ढीग दोन-तीन तासांचा, जो मधे मोडला की पुन्हा पहिल्यापासून चढायला लागतं: प्रबंधाचं प्रकरण लिहिणं, नवीन अवघड टॉपिक पहिल्यांदा समजून घेणं, डेटाचं विश्लेषण, पूर्ण पेपर वेळ लावून सोडवणं.

तिसऱ्या ढिगाचं काम पहिल्या प्रकारच्या वेळेत करायला जाणं ही सगळ्या नव्या आयांची चूक, आणि उलटंही तेवढंच वाईट, म्हणजे मोठ्या मुश्किलीने कुणीतरी तीन तास बाळ घेऊन जातं आणि आपण त्यात मेल साफ करत बसतो. मी केलंय. घरी येऊन स्वतःचाच राग येतो.

पहिल्या ढिगाला कमी लेखू नका हं. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढीच उजळणी अनेक दिवसांत विभागली तर जास्त टिकते. बाळाचं दूध पिणं तर निसर्गाने विभागूनच दिलंय, दिवसाला आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी दहा कार्डं, सगळी जमली नाहीत तरी रोज साठ-सत्तर होतात. माझं फार्मकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, अख्खं असं झालंय, टेबलाशी बसून मी ते जवळजवळ उघडलंच नाही. फक्त रात्रीच्या पाजण्याला फोन नको, उजेडाने आपलीच झोप उडते आणि ती झोप कार्डांपेक्षा महाग आहे.

आणि एक युक्ती जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली: उठायच्या आधी चिठ्ठी. बाळ रडायला लागलं की धावत जायच्या आधी दहा सेकंदात पुढचं पाऊल लिहायचं. "प्रकरण ३ चालू" असं नाही, ते वाचून काहीच कळत नाही. "पुढचं वाक्य, डोस दुप्पट केल्यावर रुग्णांना काय झालं, तक्ता ४ बघ" असं. परत यायला कधी वीस मिनिटं लागतात कधी दोन दिवस, पण चिठ्ठी असेल तर आठवण्यात अर्धा तास जात नाही. माझ्या चिठ्ठ्या मिळेल त्यावर असायच्या, एकदा तर डायपरच्या पाकिटावर.

सलग वेळ आठवड्यातून किती? माझ्या मते दोन किंवा तीन वेळा, अडीच-तीन तासांचे, आणि घराबाहेर. शेजारच्या खोलीत बसून होत नाही, बाळाचा आवाज आला की पान्हा फुटतो, डोकं तिकडेच, आणि बाळ सांभाळणारं माणूसही दर पंधरा मिनिटांनी "हिचा तो रुमाल कुठाय" विचारायला येतं. लायब्ररी, रिकामी क्लासरूम, मैत्रिणीची खोली, काहीही, फक्त बाहेर.

बाळ मोठं होईल तसं हे बदलत राहतं हेही डोक्यात असू द्या. चौथ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच बाळांची झोपेची पद्धत बदलते आणि नीट झोपणारं पोर पुन्हा उठायला लागतं. सहाव्या महिन्याला वरचं अन्न सुरू होतं, त्यात वेळ जातो. आठ ते दहा महिन्यांत आई नजरेआड झाली की आकांत. लशीनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो, म्हणून लशीच्या दुसऱ्या दिवशी काही महत्त्वाचं ठेवायचं नाही.

४. दूध आणि कॉलेज

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असं सांगते, आणि कॉलेज सहा महिने थांबत नाही, त्यामुळे अंगावर पाजायचं असेल तर दूध काढून ठेवायचा पंप आलाच. फॉर्म्युला (पावडरचं दूध) द्यायचं ठरवलं असेल तर तोही नीट विचार करून घेतलेला निर्णय असतो, कुणाला खुलासे देत बसू नका, फक्त तयार केलेलं दूध दोन तासांच्या आत वापरायचं, किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत, आणि उष्टं उरलेलं फेकायचं.

पंप करणाऱ्यांसाठी. पहिले तीन-चार आठवडे बाळ आणि अंगावरचं दूध दोन्ही स्थिरावू द्या. पण मग कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा बाटली दाखवायची असंही नको, दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून सवय करा, तुमच्या हातून बरीच बाळं घेत नाहीत, त्यांना वास येतो ना.

काढलेलं दूध किती टिकतं हे चार-चार-सहा असं लक्षात ठेवा: खोलीत ठेवलं तर ४ तास (खोली २५ अंशांपेक्षा गरम नसेल तर, उकाड्यात त्याहून कमी), फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये साधारण ६ महिने. फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांत वापरलं नाही तर टाकून द्यायचं, जीव तुटतो पण टाकायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, मधेच चटका बसेल असं गरम राहतं, बाटली कोमट पाण्यात धरा. आणि साठवताना ६० ते १२० मिलीच्या छोट्या पिशव्या, वर तारीख.

दर तीन तासांनी वीस मिनिटं काढावी लागतात, ती टाइमटेबलमध्ये आधीच लिहा आणि जिथे कडी लागते अशी जागा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. बाथरूम नको, तिथे कुणी जेवत नाही मग बाळाचं जेवण तिथे का. मी एकदा वॉर्डात सात तास अडकले, "आता जाते मग जाते" करत राहिले, आधी अ‍ॅप्रन भिजला आणि मग रात्री एका बाजूला दगडासारखी गाठ, लालभडक, थंडी वाजून ताप. याला मॅस्टायटिस म्हणतात, डॉक्टरांना लगेच दाखवायचं, आणि बहुतेक वेळा त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं. बॅगेत पंपाचा एक जादा संच आणि एक जादा शर्ट कायम, शर्ट गडद रंगाचा.

कॉफीबद्दल सगळ्या विचारतात, पाजत असताना दिवसाला दोन-तीन कपांपर्यंत सहसा चालते.

५. बाळ कोण घेणार

इथे "मदत" हा शब्दच घोटाळ्याचा. मदत करणारा माणूस विचारत राहतो, काय करू, कधी पाजू, कपडे कुठले घालू, म्हणजे हात त्याचे आणि डोकं आपलंच. सलग वेळ हवा असेल तर बाळ पूर्ण सोपवावं लागतं. शनिवारी सकाळी नऊ ते बारा बाळ बाबाचं, म्हणजे दूध, लंगोट, रडणं, सगळं त्याचं, आणि त्याने उलटा अंगरखा घातला असेल तरी आपण काही बोलायचं नाही. हे मला फार जड गेलं, खोटं कशाला बोलू.

रात्रीही वाटून घ्या. एकाने नऊ ते दोन, दुसऱ्याने दोन ते सात, म्हणजे दोघांनाही निदान पाच तास सलग झोप मिळते, आणि झोपेचं गणितही अभ्यासासारखंच आहे, तुकड्यांची सात तास झोप सलग पाच तासांची बरोबरी करत नाही असा माझा अनुभव. ज्या वेळेत तुम्ही झोपताय तेव्हाचं दूध आधी काढून ठेवलेलं. जोडीदार नसेल किंवा लांब असेल तर आई, सासूबाई, बहीण, पगारी माणूस, जे असेल ते, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. "लागलं तर सांग हं" म्हणणाऱ्यांना लगेच दिवस विचारायचा: "मंगळवारी चार ते सहा जमेल?" ज्यांना जमत नाही ते तिथेच कळतं.

पाळणाघरात ठेवणार असाल तर पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला सारखा येणार हे धरून चाला, आणि आजारी बाळ ते घेत नाहीत. त्यामुळे पर्यायी माणूस एक नाही दोन हवेत, परीक्षेच्या आठवड्यात तर नक्की.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात समजा: रात्री बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत वाचत बसू नका. दमलेल्या माणसाला डुलकी लागतेच, आणि सोफ्यावर बाळासोबत झोप लागणं हे बाळाचा श्वास कोंडण्याच्या दृष्टीने फार धोक्याचं आहे. डोळे मिटायला लागले की पुस्तक बंद, बाळ त्याच्या जागी, पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशी-पांघरुणांच्या ढिगाशिवाय.

६. गाइड आणि वर्गातले

माफी मागत सुरुवात करू नका. "सॉरी सर, बाळामुळे नाही झालं" च्या ऐवजी "१० तारखेला तक्ते देते, २५ ला प्रकरणाचा कच्चा मसुदा" असं बोला, आणि जी तारीख सांगाल ती तुमच्या मनातल्या तारखेच्या दीडपट लांबची सांगा. वर्गातला एक माणूस पकडून ठेवा जो नोटिसा कळवेल, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही त्याचं काहीतरी करा, नुसतं घेत राहिलं की तीन महिन्यांत आटतं. परीक्षेत पंप करायला मधे वेळ मिळेल का, हे अर्ज करून खूप आधी विचारायचं. नाही मिळाला तर हॉलमध्ये जायच्या अगदी आधी पाजून किंवा पंप करून घ्यायचं, आणि घरी दोनदा तरी तेवढाच वेळ लावून पूर्ण पेपर सोडवून बघायचा, कारण तीन तास एका जागी बसायची सवयच गेलेली असते.

७. फक्त दमणूक नसेल तेव्हा

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं, तर ते वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. त्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात, डॉक्टर पाच मिनिटांत भरून घेतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं.

डिग्री करणाऱ्यांचा इथे एक खास घोटाळा होतो, आपण सगळं अभ्यासाच्या ताणावर ढकलतो. मीही ढकललं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं. थायरॉइडही बाळंतपणानंतर बिघडू शकतं आणि दिसतं ते थकवा आणि विसरभोळेपणा म्हणूनच. त्यामुळे दोन पानं वाचून काहीच डोक्यात शिरत नसेल तर टाइमटेबल बदलायच्या आधी या दोन तपासण्या करून घ्या.

८. थांबावं लागलं तर

कधीकधी सगळं करूनही सलग वेळ जमतच नाही. बाळ आजारी असतं, तुम्ही असता, घरात माणूस नसतं. माझं मत असं की लागोपाठ सहा आठवडे तिसऱ्या ढिगातलं एकही काम हललं नसेल, तर ओढत राहण्यापेक्षा एक टर्म रीतसर थांबलेलं बरं, कारण नापास झालेला अटेम्प्ट रेकॉर्डवर राहतो आणि मंजूर रजा तशी खुपत नाही. पण थांबताना परत यायची तारीख अर्जात लिहूनच घ्या, लॉगिन बंद होणार असेल तर सगळ्या फाइली आधी उतरवून ठेवा, गाइडला शेवटचा मसुदा पाठवा, आणि त्या मसुद्याच्या पहिल्या पानावर तीच ती चिठ्ठी, पुढचं वाक्य काय होतं ते.